इस्राएली शाळेच्या रिबेकाबाई

1905 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकचा निकाल लागला आणि पहिला नंबर एका मुलीचा निघाला. त्या काळी सिंधपासून धारवाडपर्यंतची मुले ही परीक्षा देत. मुलीने मॅट्रिकला बसणे हेच मोठे नवल, मग पहिले येणे तर दूरच. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेली ही मुलगी आपल्या बेने इस्राएल समाजातली होती. तिचे नाव रिबेका रूबेन, जन्म 1889 चा.

पुढे त्यांनी पदवी घेतली, इंग्लंडला जाऊन शिक्षण घेतले आणि परत येऊन शिक्षिकेचाच पेशा धरला. 1917 पासून काही वर्षे त्यांनी समाजाचे इंग्रजी वार्षिक चालवले. पण आपल्या घराघरांत त्यांची आठवण आहे ती मुंबईच्या इस्राएली शाळेमुळे. तेव्हा त्या शाळेचे थोडे आधी सांगायला हवे.

आपले वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. मुंबईला आल्यावर मुलांना शाळा हवी झाली. मिशनऱ्यांच्या शाळा होत्या, आणि त्यांचे आपल्यावर उपकारही आहेत, हे नाकारू नये. पण तिथे अक्षरांबरोबर ख्रिस्ती धर्मही शिकवला जाई. आईबापांनी करायचे काय? मूल अडाणी ठेवायचे, की धर्माची धास्ती घेऊन शाळेत घालायचे? हाइम सॅम्युएल केहीमकर यांना हा पेच फार लागला. 1853 मध्ये त्यांनी भावांच्या आणि मित्रांच्या साथीने समाजाची एक हितकारी संस्था काढली आणि 1875 मध्ये शाळा सुरू झाली. पैशाची ओढाताण कायमची. 1892 मध्ये केहीमकरांनी समाजाचा थोडक्यात इतिहास छापून मुलांच्या शिक्षणासाठी मदत मागितली. लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशननेही हात दिला. शाळा वाढत वाढत हायस्कूल झाली. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे तिला त्यांचे नाव मिळाले, तरी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ती इस्राएली शाळाच राहिली.

1922 साली रिबेकाबाई या शाळेच्या मुख्याध्यापक झाल्या. मुलगे आणि मुली दोघेही शिकत असलेल्या हायस्कुलावर बाई मुख्याध्यापक, हे त्या काळी किती ठिकाणी दिसले असते? 28 वर्षे त्यांनी ती खुर्ची सांभाळली. घरची मराठी, प्रार्थनेचे हिब्रू आणि नोकरीसाठी इंग्रजी, अशा तीन भाषा घेऊन मूल शाळेत वावरे. मी प्राथमिक वर्गांना शिकवते, म्हणून मला त्यातली मेहनत कळते. मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे, हिब्रू उजवीकडून डावीकडे. एकाच दप्तरातल्या वह्या दोन वेगळ्या बाजूंनी उघडायच्या, आणि लहान हाताला हे रोज आठवावे लागते. तिन्ही भाषांची गोडी लागेल अशी शाळा वर्षानुवर्षे चालवणे सोपे नव्हे.

केहीमकरांनी 1897 मध्ये लिहून ठेवलेला समाजाचा मोठा इतिहास 1937 साली तेल अवीवमध्ये छापून निघाला. तो पाहायला ते उरले नव्हते. त्यांची शाळा मात्र तेव्हा रिबेकाबाईंच्या हाती जोरात चालली होती.

1948 नंतर कुटुंबे इकडे येऊ लागली आणि वर्गातली मुले कमी होत गेली. 1950 मध्ये बाई निवृत्त झाल्या, 1957 मध्ये वारल्या. ज्या मुलांसाठी शाळा काढली तीच निघून गेली, मग एवढा खटाटोप फुकट गेला, असे म्हणणारे मी ऐकले आहेत. मला ते पटत नाही. ती मुले इथे उतरली तेव्हा प्रार्थनेतले हिब्रू वेगळे आणि भाजीबाजारातले वेगळे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले असेल. पण दुकानाची पाटी, बसवरचे नाव, मुलांच्या शाळेतून आलेली चिठ्ठी, यांतली अक्षरे त्यांच्या ओळखीची होती. ज्यांना ती येत नव्हती त्यांचे हाल विचारा.

माझगावची शाळा आजही भरते. आपली मुले तिथे आता अगदी मोजकी. बाकांवर बसतात ती बहुतेक मुले आसपासच्या मुसलमान कुटुंबांतली आहेत.