ग्लेन गुल्ड: एका पियानोचा शोध आणि वियोग

कॅनडाचे विख्यात पियानोवादक ग्लेन गुल्ड यांनी बाख यांच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चे ध्वनिमुद्रण स्टुडिओत दोनदा केले. पहिले १९५५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, आणि दुसरे १९८१ मध्ये, मृत्यूच्या सुमारे दीड वर्ष आधी. न्यूयॉर्कमधील स्टुडिओ दोन्ही वेळी तोच होता. ज्या पियानोवर त्यांनी मधल्या काळातील बहुतेक ध्वनिमुद्रणे केली, तो मात्र या दोन्ही प्रसंगी नव्हता.

२५ सप्टेंबर १९३२ रोजी टोरांटो येथे जन्मलेल्या गुल्ड यांच्या पहिल्या गुरू त्यांच्या आईच. वडिलांनी घडीच्या खुर्चीचे पाय कापून त्यांना जमिनीपासून जेमतेम चौदा इंच उंचीचे आसन करून दिले होते. गुल्ड जन्मभर त्याच खुर्चीवर बसून वाजवीत राहिले. इतके खाली बसल्याने खांद्यांचा जोर पट्ट्यांवर येत नाही. सारे काम बोटांना करावे लागते. त्यामुळे हलक्या स्पर्शाला तत्काळ प्रतिसाद देणारा आणि प्रत्येक स्वर सुटा, कोरडा, स्पष्ट उमटवणारा पियानो त्यांना हवा होता. बाख यांच्या संगीतात अनेक सुरावटी एकाच वेळी चालतात. स्वर एकमेकांत मिसळले, तर त्या ओळखू येत नाहीत.

स्टाइनवे कंपनीचे सुमारे नऊ फूट लांबीचे मैफिलीचे पियानो एकाच आराखड्याचे असतात. तरीही लाकडाचा कस, हातोड्यांवरील नमद्याचा घट्टपणा आणि हजारो सुट्या भागांची जुळणी यांमुळे एकासारखा दुसरा होत नाही. तंबोऱ्याच्या बाबतीत आपल्याकडे हे गृहीतच धरले जाते. कारखान्यात तयार होणाऱ्या पियानोबाबत त्याचे आश्चर्य वाटते, इतकेच. गुल्ड यांनी अनेक पियानो वाजवून पाहिले आणि नाकारले.

हवा तो पियानो १९६० मध्ये त्यांना आपल्याच शहरात, ईटन्स या भव्य दुकानाच्या सभागृहात मिळाला. त्याचा क्रमांक ‘सीडी ३१८’. या ‘सीडी’चा तबकडीशी संबंध नाही, मैफिलींसाठी राखलेल्या सर्वांत मोठ्या आकाराच्या पियानोंची ती खूण होती. वाद्य बरेच वापरलेले होते. जवळजवळ दृष्टिहीन असलेले व्हर्न एडक्विस्ट यांनी ते अनेक वर्षे सुरात राखले. गुल्ड यांच्या आग्रहाखातर पट्ट्यांची चाल इतकी हलकी करण्यात आली, की मधल्या सप्तकात काही स्वर उचकी लागल्यासारखे दोनदा वाजू लागले. बाख यांच्या ‘इन्व्हेन्शन्स’च्या ध्वनिमुद्रणात ही उचकी ऐकू येते. गुल्ड यांनी तो दोष स्वीकारला. पियानो सोडला नाही.

१९६४ मध्ये त्यांनी मैफिली कायमच्या थांबवल्या आणि वादन ध्वनिमुद्रणापुरतेच उरले. त्यानंतर या वाद्यावरील त्यांची भिस्त आणखी वाढली.

१९७१ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँडला नेलेला सीडी ३१८ ने-आण करताना आदळला. तारांचा प्रचंड ताण पेलणारी त्याची ओतीव लोखंडी चौकट तडकली. कारखान्यात नवी चौकट बसवण्यात आली, पियानो पुन्हा उभा राहिला. पण त्याची जुनी चाल आणि जुना नाद परतला नाही. असे असूनही गुल्ड यांनी १९७३ मध्ये तो विकत घेतला. पुढची कित्येक वर्षे दुरुस्त्या, जुळण्या आणि पुन्हा दुरुस्त्या यांत गेली. हा हट्ट व्यवहाराला धरून नव्हता, परंतु त्यांच्या हातांना दुसऱ्या वाद्याची सवय उरली नव्हती.

अखेर त्यांनी नव्याने शोध सुरू केला. न्यूयॉर्कमधील एका दुकानात यामाहा कंपनीचा एक पियानो त्यांना मानवला आणि १९८१ चे ‘गोल्डबर्ग’ त्यावरच मुद्रित झाले. ही ध्वनिमुद्रिका सप्टेंबर १९८२ मध्ये प्रकाशित झाली. ४ ऑक्टोबर रोजी, पन्नाशी पूर्ण होऊन दहा दिवस होत नाहीत तोच, पक्षाघाताने गुल्ड यांचे निधन झाले. सीडी ३१८ पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने घेतला. आता तो ओटावा येथील नॅशनल आर्ट्स सेंटरमध्ये आहे.