हात पारखणारा कारखानदार

ठाणे, प्रतिनिधी : वागळे इस्टेट असो वा डोंबिवली-अंबरनाथच्या औद्योगिक वसाहती, लहान कारखानदारांची एक तक्रार हमखास ऐकू येते. चांगले फिटर, टर्नर, वेल्डर मिळत नाहीत आणि शिकवून तयार केलेले टिकत नाहीत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हाच प्रश्न अधिक बिकट रूपात लक्ष्मणराव किर्लोस्करांपुढे उभा होता. त्या काळी असा कारागीर आसपास सापडणेच दुर्मीळ होते.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले. पण काही रंगांतील भेद आपल्याला ओळखता येत नाही, हे ध्यानात येताच यांत्रिक आरेखनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियनाला देण्यात आली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. कसबी माणूस का निघून जातो, याचा धडा त्यांना असा स्वतःच्याच आयुष्यात मिळाला.

बंधू रामूअण्णांसह त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालविले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनविला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. त्यातच नगरपालिकेच्या विस्तार योजनेमुळे कारखाना हलविण्याची वेळ आली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर मूठभर कामगार आपल्या कुटुंबांसह राहावयास आले. तीच किर्लोस्करवाडी.

तेथे लक्ष्मणरावांनी प्रमाणपत्रांपेक्षा हात पारखले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक अभियंता ठरले. शंभोराव जांभेकरांनी कारखान्याची घडी बसविली. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग विश्वासू पहारेकरी बनले. शिक्षण यंत्रावरच होत असे. अस्पृश्यतेला वाडीत थारा नव्हता. कारखान्याभोवती कामगारांची वस्ती उभी राहिल्याने तेथील नोकरीला घराचा आधार मिळाला.

याच माणसांच्या बळावर नांगरापाठोपाठ उसाचे चरक, पंप आणि इंजिने वाडीत तयार होऊ लागली. लक्ष्मणराव १९५६ मध्ये निवर्तले, तेव्हा किर्लोस्करांचे कारखाने पुणे आणि बंगळूरपर्यंत पोहोचले होते.

वागळे इस्टेटमधील दहा माणसांच्या वर्कशॉपला वसाहत उभारणे शक्य नाही, हे खरे. मात्र आयटीआयमधून आलेल्या मुलाला जात वा गुण न पाहता यंत्रावर उभे करणे आणि बढतीची वेळ आली की त्याच्या कामाला न्याय देणे, यासाठी ३२ एकर जमीन लागत नाही.