मीठ खात्यातील कीटकवेत्ता

इंग्रजी अमदानीत कोकण किनाऱ्यावरील मीठ ही सरकारची मोठी मिळकत होती. मिठागरे खाजणात वसलेली, तिवर-कांदळांच्या दलदलीला लागून. कीटकांची येथे गणती नसे. पानापानांवर अळ्या, फांद्यांवर तांबड्या मुंग्या आणि संध्याकाळ झाली की डासांचे थवे. या मीठ व जकात खात्यात १८७६ मध्ये दाखल झालेल्या एका अधिकाऱ्याची आठवण आज राहिली आहे ती महसुलामुळे नव्हे, तर किड्यामुंग्यांमुळे. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे त्याचे नाव.

१६ ऑगस्ट १८५१ रोजी साताऱ्यात, एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरी एटकेन यांचा जन्म झाला. वडिलांनीच त्यांना शिकविले. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षे लॅटिन शिकवीत होते. पुढे नोकरीने त्यांना खाराघोडा, उरण, उत्तर कानडा, रत्नागिरी असे फिरविले. बढतीच्या दृष्टीने या जागा आडबाजूच्याच. निसर्गवेत्त्याला मात्र याहून चांगल्या मिळाल्या नसत्या.

'ईहा' या आद्याक्षरी नावाने ते लिहीत. संस्कृतात ईहा म्हणजे इच्छा. हा योगायोगच म्हणावयाचा. 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटिअर' हे त्यांचे पुस्तक १८८३ मध्ये निघाले. सरहद्दीवरील या टोळ्या म्हणजे बंगल्यातील उंदीर, मुंग्या, डास आणि कोळी! विनोदाच्या आवरणाखाली निरीक्षण अतिशय काटेकोर होते, हे पुष्कळांच्या ध्यानात उशिरा आले.

त्याच वर्षी १५ सप्टेंबरला मुंबईच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले व बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली. त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी गृहस्थ होते. पहिले चिटणीस झाले एटकेन. उत्तर कानड्यात डेव्हिडसन आणि बेल यांच्यासह त्यांनी फुलपाखरांच्या अळ्या पाळल्या, कोणती अळी कोणत्या झाडावर वाढते याच्या नोंदी केल्या. मेलेले फुलपाखरू टाचणीला लावण्याचा छंद तेव्हा अनेकांना होता. जिवंत अळीचे अन्न शोधण्याची चिकाटी थोड्यांपाशी होती.

ही सवय पुढे वेगळ्याच कामी आली. गोव्याच्या सरहद्दीवरील जकात चौक्यांवर हिवतापाने शिपाई हैराण होत. तेथील नेमणुकीचा सर्वांनाच धसका होता. दलदलीच्या दूषित हवेने ताप येतो अशी जुनी समजूत. पण औरंगाबाद ज्या निजामी राज्यात होते, त्याच राज्यातील सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात पाहिला होता. शत्रू हवा नसून अॅनॉफिलिस जातीचा डास होता. १९०२ मध्ये सरकारने एटकेन यांना त्या सरहद्दीवर धाडले. शिपायांच्या चौक्या या डासांपासून दूर कशा नेता येतील, हे त्यांनी ठरवावयाचे होते.

काम कीटकवेत्त्याचेच होते. सगळे डास सारखे नसतात. खाडीच्या मचूळ पाण्यात वाढणारे निराळे, ओढ्याच्या गोड्या पाण्यात वाढणारे निराळे. कोणता डास कोठे अंडी घालतो हे न कळता चौकी हलविणे म्हणजे एका तापातून उठून दुसऱ्यात जाऊन बसणे.

या फिरतीत त्यांना अॅनॉफिलिसची एक नवीच जात सापडली. वैद्यकीय सेवेतील जेम्स यांनी ती ओळखून तिला एटकेन यांचे नाव दिले: अॅनॉफिलिस एटकेनी. गंमत अशी, की हा डास रानातील ओढ्यांच्या सावलीत वाढतो, माणसाच्या वाटेला सहसा जात नाही आणि हिवतापाच्या वाहकांत त्याची गणना होत नाही.

१९०३ मध्ये एटकेन कराचीला मुख्य जकात अधिकारी झाले. सिंधचे गॅझेटिअर सिद्ध करण्याचे कामही त्यांच्याकडे आले. १९०६ मध्ये निवृत्त होऊन ते एडिंबरोस गेले आणि एप्रिल १९०९ मध्ये तेथेच वारले.