ड्रॅगनची पटकथाकार

फ्रिट्झ लांगच्या 'दी निबेलुंगन' (१९२४) या मूकपटातला अजस्र ड्रॅगन मी पाहिला. पुस्तकांत त्याचे श्रेय बहुधा दिग्दर्शकालाच मिळते. मला मात्र पटकथाकार थिआ फॉन हार्बूबद्दल लिहावेसे वाटते.

१८८८ साली बव्हेरियात जन्मलेली थिआ आधी रंगभूमीवर होती, मग कादंबरीकार झाली. १९२२ मध्ये तिने लांगशी विवाह केला. सीगफ्रीड ड्रॅगनला मारून त्याच्या रक्तात न्हातो आणि अभेद्य होतो. पाठीवर झाडाचे पान चिकटते, तेवढीच जागा मृत्यूला मोकळी राहते. ही मध्ययुगीन कथा तिने पडद्यासाठी बांधली. ड्रॅगन यांत्रिक होता, आत बसलेली माणसे तो हलवीत. 'मेट्रोपोलिस'ची पटकथाही तिचीच.

१९३३ मध्ये घटस्फोट झाला. लांगने जर्मनी सोडली. ती राहिली आणि नाझी पक्षात शिरली. आणि याच बाईने आपल्या बेळगावकडच्या मराठी पत्रकार आयी तेंडुलकरांशी संसार मांडला! हे कोडे मला उलगडत नाही. पक्षाची गोष्ट मात्र तिच्या प्रतिभेकडे पाहून विसरावी, असे मला वाटत नाही.

युद्धानंतर ती स्थानबद्ध होती. पुढे बर्लिनमधले ढिगारे उपसायलाही गेली. १९५४ मध्ये स्वतःच लिहिलेल्या एका जुन्या मूकपटाच्या खेळाहून परतताना ती पडली आणि काही दिवसांतच वारली.