पित्याच्या मागे उरलेले गाणे

अमेरिकी कंट्री संगीतातील श्रेष्ठ गायक-गीतकार हँक विल्यम्स यांचे १ जानेवारी १९५३ रोजी वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी निधन झाले, तेव्हा त्यांचा मुलगा हँक ज्युनियर तीन वर्षांचा होता. पित्यासमवेत पडद्यावर गाण्याचा योग त्याला लाभला, तो १९८९ मध्ये.

अलाबामातील माउंट ऑलिव्ह येथे १९२३ मध्ये जन्मलेल्या हँक यांनी रुफस पेन या रस्त्यावर गाणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंताकडून गिटारचे धडे घेतले. मणक्याच्या जन्मजात विकाराने ते आयुष्यभर त्रस्त होते. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ने १९४९ मध्ये त्यांना डोक्यावर घेतले आणि मद्यपानापायी १९५२ मध्ये दूरही केले. ओहायोतील कार्यक्रमाला जाताना मोटारीतच त्यांचा अंत झाला.

‘देअर्स अ टिअर इन माय बिअर’ हे विरहगीत त्यांनी केवळ गिटारच्या साथीने मुद्रित करून बिग बिल लिस्टर या गायकाला दिले होते. लिस्टर यांनी जपलेली ती तबकडी पुढे हँक ज्युनियर यांच्या हाती आली. त्यांनी त्यात आपला स्वर मिसळला. चित्रफितीसाठी वडिलांचे १९५२ मधील दूरचित्रवाणीवरील दृश्य घेतले. त्यात ते दुसरेच गीत गात असल्याने ओठांची हालचाल तंत्राने बदलण्यात आली. गाणे कंट्रीच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचले, ‘ग्रॅमी’चेही मानकरी ठरले.

पडद्यावर पिता २८ वर्षांचा होता, पुत्र चाळिशीचा. ज्या मद्याने पित्याचे आयुष्य पोखरले, त्याच्याच गाण्याने ही भेट घडवली.