चांदबीबी

मुलांनो, तुमच्यापैकी काही जण शिरूरहून एसटीने नगरला गेले असतील. घोडनदीचा पूल ओलांडला की आपला पुणे जिल्हा मागे पडतो आणि तास-दीड तासात शहर येते. दौंडकडची मुले मनमाडच्या गाडीने जातात आणि वाटेत नगरला उतरतात. २०२४ साली या शहराचे नाव अहिल्यानगर असे ठेवण्यात आले. आपली हकीकत मात्र चारशे वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा ते अहमदनगर होते. मलिक अहमदने १४९० साली ते वसवले आणि पुढे शंभर वर्षे ती निजामशाहीची राजधानी होती. जुन्नर, पुणे, सुपे हा आपल्या बाजूचा मुलूखही त्याच राज्यात होता.

उहुदच्या लढाईत हातात तलवार घेऊन उभ्या राहिलेल्या हजरत उम्मे अम्मारा यांची हकीकत तुम्ही उर्दूच्या पुस्तकांत किंवा घरी ऐकली असेल. दूर मदिनेजवळ घडलेली ती घटना इ. स. ६२५ ची. आज ज्या स्त्रीची माहिती आपण वाचणार आहोत, ती आपल्या शेजारच्या नगरची होती.

चांदबीबी ही निजामशाहीचा सुलतान हुसेन निजामशाह याची मुलगी. तिचा जन्म १५५० च्या सुमारास झाला. वडिलांनी नगरचा किल्ला दगडी तटाने मजबूत केला. त्याच्या भोवती रुंद खंदक होता. 'खंदक' हा शब्द तुम्हाला शिकवायला नको. उर्दूत आणि मराठीत तो एकच आहे. चांदबीबीला अरबी, फारसी आणि तुर्की येत होती. त्याबरोबर कानडी आणि मराठीही येत होती, असे सांगतात. घोड्यावर बसून शिकारीला जाणे तिला आवडे आणि ती फुलांची चित्रेही काढी.

त्या काळी राजकन्यांची लग्ने राज्याच्या सोयीने ठरत. दक्षिणेतील सुलतानांना विजयनगरविरुद्ध एक व्हायचे होते. म्हणून चांदबीबीचे लग्न विजापूरच्या अली आदिलशाहाशी झाले आणि सोलापूरचा किल्ला तिच्याबरोबर आंदण म्हणून गेला. लग्न असे राजकारणाचे असले, तरी दोघांचे चांगले जमले. तिच्या नावाने अली आदिलशाहाने १५७९ साली विजापुरात चांद बावडी ही मोठी विहीर बांधली. ती आजही तेथे आहे.

दुसऱ्याच वर्षी, १५८० साली, अली आदिलशाहाचा खून झाला. त्यांना मूल नव्हते. अलीचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम गादीवर बसला आणि त्याच्या सांभाळाची जबाबदारी चांदबीबीवर आली. लहान राजा म्हणजे सरदारांना मोकळे रान. किश्वरखान नावाच्या सरदाराने सत्ता बळकावली आणि चांदबीबीला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद करून ठेवले. विजापूरच्या लोकांना ते सहन झाले नाही. किश्वरखानाला पळ काढावा लागला आणि हबशी सरदारांनी तिला सन्मानाने परत आणले. याच काळात नगर आणि गोवळकोंडा यांच्या फौजांनी विजापूरला वेढा घातला. नगरला राज्य होते तिच्या सख्ख्या भावाचे. जरा विचार करा, माहेरची फौज सासरच्या वेशीवर! ती सासरच्या बाजूने उभी राहिली आणि विजापूर वाचले. तिने सांभाळलेला इब्राहीम पुढे विजापूरचा फार मोठा सुलतान झाला. संगीताचा तो जाणकार होता.

यानंतर चांदबीबी नगरला परतली. तिला आता शांतपणे राहता आले असते; पण १५९५ साली निजामशाहीवर मोठे संकट आले. सुलतान लढाईत मारला गेला. त्याचा मुलगा बहादूर अगदी लहान होता. सरदारांचे चार गट पडले आणि प्रत्येक गटाने आपापला सुलतान पुढे केला. चांदबीबीचे म्हणणे एकच होते की, गादी बहादूरची आहे. मियाँ मंजू नावाच्या सरदाराने या बाळाला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यात अडकवून ठेवले. एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने अकबर बादशाहाचा मुलगा मुराद याला मदतीला बोलावले. घरच्या भांडणात बाहेरच्याला बोलावले की काय होते, हे मियाँ मंजूला लवकरच कळले. पण तोवर मुघल फौज निघाली होती. मग तो किल्ला सोडून निघून गेला आणि मागे राहिली चांदबीबी.

डिसेंबर १५९५ मध्ये मुराद आणि अब्दुर्रहीम खानखानान यांनी किल्ल्याला वेढा दिला. (हिंदीच्या पुस्तकात रहीमचे दोहे आहेत ना? तोच हा खानखानान.) तट तोफांनी पडेना, तेव्हा मुघलांनी जमिनीखालून पाच सुरुंग खणले आणि त्यांत दारू भरली. मुघल छावणीतल्याच एका शिराजी सरदाराला किल्ल्यातल्या लोकांची दया आली. रात्री त्याने ही बातमी आत पोचवली. चांदबीबीने लगेच माणसे कामाला लावली. आतून खणत खणत दोन सुरुंगांतली दारू काढून टाकली. तिसऱ्याचे काम चालू असतानाच तो उडाला. काम करणारी माणसे गेली आणि तटाला सुमारे पन्नास गजांचे खिंडार पडले.

किल्ल्यातले सरदार पळू लागले. तेव्हा तोंडावर बुरखा आणि हातात तलवार घेऊन चांदबीबी त्या खिंडारात येऊन उभी राहिली. तिला पाहून पळणारे मागे फिरले. संध्याकाळपर्यंत मुघल पुन्हा पुन्हा चालून आले आणि प्रत्येक वेळी मागे हटले. खंदकात प्रेतांचा खच पडला. अंधार पडल्यावर लढाई थांबली. चांदबीबीचे काम थांबले नाही. दगड, माती, लाकूड, जे मिळेल ते आणून तिने रातोरात ती भिंत पुन्हा उभी करवली. सकाळी मुघलांनी पाहिले तर खिंडार नाही!

गोळे संपले तेव्हा तिने तोफांत तांब्याची, चांदीची आणि शेवटी सोन्याची नाणी भरली, अशी एक कथा सांगतात. ती ऐकायला छान आहे. मला विचाराल तर त्या सोन्यापेक्षा रात्रीत बांधलेली मातीची भिंत मोठी वाटते. मुघल छावणीतही त्या दिवसापासून तिला चांद सुलतान म्हणू लागले.

विजापूरहून सुहैलखान फौज घेऊन येत होता. मुघलांकडेही दाणागोटा कमी पडला होता. १५९६ साली तह झाला. तह म्हणजे सुलह. निजामशाहीने वऱ्हाड मुघलांना दिले आणि बहादूरला सुलतान म्हणून मान्यता मिळाली. चावंडवरून ते बाळ नगरला आले.

पुढची चार वर्षे पुन्हा भांडणातच गेली. तिने नेमलेला वजीरच फितूर झाला. १५९७ साली गोदावरीकाठी सोनपेठजवळ सुहैलखानाचा पराभव झाला. १६०० साली अकबराचा दुसरा मुलगा दानियाल आणि खानखानान पुन्हा नगरला आले आणि अकबर स्वतः बुऱ्हाणपुरापर्यंत आला. या वेळी बाहेरून मदत येणार नव्हती. फौज थोडी, सरदार एकमेकांचे वैरी. चांदबीबीने परिस्थिती ओळखली. किल्ला देऊन टाकावा, त्या बदल्यात आतल्या लोकांचे प्राण वाचवावेत आणि लहान बहादूरला घेऊन जुन्नरला जावे, असे तिच्या मनात आले. तलवार कधी उचलायची हे तिला जसे कळत होते, तसे ती कधी ठेवायची हेही कळत होते.

तिने हा विचार किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याला सांगितला. तो तसाच बाहेर धावला आणि सुलताना मुघलांना मिळाली, असे रस्त्यात ओरडत सुटला. अफवा दारूसारखी पेटली. कोणी चौकशी केली नाही. चार वर्षांपूर्वी त्याच खिंडारात ही बाई कोणासाठी उभी होती, हे कोणाला आठवले नाही. जमाव तिच्या महालात शिरला आणि तिच्याच माणसांनी तिला ठार मारले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुघलांनी सुरुंगांनी तट उडवला आणि ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला घेतला. आतली पुष्कळ माणसे कापली गेली. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवले. निजामशाही मात्र तेथे संपली नाही. मलिक अंबरने नवा सुलतान गादीवर बसवून आणखी बरीच वर्षे मुघलांशी झुंज दिली.

नगरजवळ एका डोंगरावर तीन मजली आठकोनी इमारत आहे. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. खरे तर ती सलाबतखान या निजामशाही वजिराची कबर आहे. चांदबीबीचा तिच्याशी संबंध नाही. सहलीला गेलात तर वर जरूर चढा. तेथून सगळे शहर दिसते. किल्ला कोणत्या बाजूला आहे, ते मात्र कोणाला तरी विचारून घ्या.