पैलवान डॉक्टरची दुखणारी मान

मानेतून निघून थेट बोटांपर्यंत जाणारी कळ ज्यांनी सोसली आहे, त्यांना ‘पेन क्लिनिक’ हा शब्द परका नसेल. ही कल्पना रुजवणारे डॉ. जॉन बोनिका व्यवसायाने भूलतज्ज्ञ होते आणि कमाईसाठी पैलवान!

त्यांचा जन्म १९१७ सालचा, इटलीच्या फिलिकुडी बेटावरचा. लहानपणीच कुटुंब न्यूयॉर्कला आले. वडील लवकर गेले. मुलाने बूट पॉलिश केले, वर्तमानपत्रे विकली. डॉक्टरकीचा खर्च कुस्तीतून निघाला. पदवी मिळाल्यावरही कुस्ती सुटली नाही, पण मग ओळख लपवायला तोंडावर मुखवटा आला.

दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेतील मॅडिगन लष्करी रुग्णालयात होते. सैनिकांच्या जखमा भरत, नसांची आग मात्र थांबत नसे. दुखऱ्या नसेजवळ बधिरतेचे औषध टोचण्याचे तंत्र, म्हणजे नर्व्ह ब्लॉक, त्यांनी तिथे घोटून घेतले. पण काहींना सुईनेही आराम पडेना. तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञ, मेंदूचे शल्यविशारद आणि मानसोपचारतज्ज्ञ यांना सोबत बसवून ते अशा रुग्णांवर चर्चा करू लागले. सुईपेक्षा हेच त्यांचे मोठे काम, असे मला वाटते. आपल्याकडे आजही रुग्ण फाइल घेऊन दारोदार फिरतोच. त्यांचा ‘द मॅनेजमेंट ऑफ पेन’ हा ग्रंथ १९५३ मध्ये आला. पुढे सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अनेक शाखांचे डॉक्टर मिळून चालवणारे वेदना केंद्र उभे राहिले.

मानेतली नस दबली, तर आजही गोळ्या आणि फिजिओथेरपीने सुरुवात होते. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शस्त्रक्रियेविना ओसरते. गरज पडल्यास मणक्याजवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याचा आराम बहुधा तात्पुरता. तेवढ्या अवधीत व्यायाम करता येतो, हा फायदा. मात्र हातातली ताकद कमी होणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही दिसले, तर थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

बोनिकांच्या शरीराकडून कुस्तीने पुरेपूर वसुली केली. मान वळेना, हात वर जाईना, चालायला कुबड्या लागल्या. मणक्यावर आणि खुब्यावर शस्त्रक्रिया होऊनही दुखणे उरलेच. ते घेऊनच ते इतरांची दुखणी तपासत राहिले. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले.